सोनतुऱ्याचे सात वाफे

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. शूर होता, उदार होता, बोलायला गोड होता. पण खोड एकच, आणि ती भारी वाईट. जे डोळ्यांत भरले ते मुठीत आलेच पाहिजे. मोर आवडला, पिंजऱ्यात घाला. तळे आवडले, भोवती भिंत घाला. दरबारी मंडळी ‘वाहवा महाराज’ म्हणत, आणि राजाला वाटे, यालाच प्रेम म्हणतात. आता राजाला कोण शिकवणार?

नगराबाहेर एक टेकडी होती. तिथे नोमसा नावाची वैद्यीण राहत असे. समुद्रापलीकडे आफ्रिका नावाची तांबड्या मातीची भूमी आहे, तिथून ती गलबतातून आली होती, आणि येताना कमरेच्या वस्त्रात एका औषधीचा गड्डा बांधून आली होती. औषधीची पाने कांद्याच्या पातीसारखी, पण भरीव, गराने गच्च. मधून हातभर दांडा निघे आणि दांड्याच्या टोकाला बारीक पिवळ्या फुलांचा तुरा येई. लोक तिला सोनतुरा म्हणत. पान मोडावे, आतला गर भाजल्या जागी लावावा, की आग निवलीच. कुंभार येत, लोहार येत, तव्याला बोट लागलेल्या बायका येत. नोमसा कोणाला नाही म्हणत नसे. सारे नगर तिला नोमसाआई म्हणे.

एके दिवशी सांजवेळी राजाची स्वारी टेकडीवरून चालली होती. पाहतो तो सात वाफे पिवळेधमक फुललेले. राजा घोड्यावरून उतरला.

“ही बाग राजवाड्यात हलवा,” तो म्हणाला.

“राजा, लागेल तेवढी ने,” नोमसा म्हणाली. “सगळी नेऊ नकोस. लोकांना लागते.”

“मला आवडलेली वस्तू दुसऱ्याच्या दारात राहत नाही.”

“ती वस्तू नव्हे. तो जीव आहे.”

झाले! राजाचे माथे भडकले. माझी नाही तर कोणाचीच नाही, असे म्हणून त्याने सेवकाच्या हातचा पलिता हिसकावला आणि भोवतीच्या वाळल्या गवताला आपल्या हाताने लावला. घटकाभरात सातही वाफ्यांची राख झाली.

नोमसा रडली नाही, ओरडली नाही. तिने चिमूटभर राख उचलली, राजाच्या दोन्ही तळहातांवर ठेवली आणि म्हणाली, “ज्या हातांनी आग लावलीस, त्या हातांत आग राहील. ज्यात जीव आहे त्याला हात लावशील, ते भाजेल.” मग ती टेकडी उतरली, किनाऱ्यावर गेली, एका मोठ्या कासवावर बसली आणि आपल्या भूमीला निघून गेली.

राजाने घोड्याच्या मानेवर थाप मारली. घोडा किंचाळून उधळला, मानेवर पाच बोटांचा डाग उठला. राजाच्या तळहातांवर राखेचा काळा डाग राहिला, आणि फोड आले ते पुन्हा बरे झाले नाहीत. भांडे धरता येई, तलवार धरता येई, पण गवताचे पातेसुद्धा त्याच्या बोटाखाली करपून जाई. नगरातले लोक भाजल्या हातावर फुंकर घालीत बसत आणि टेकडीकडे पाहून निःश्वास टाकीत.

पुढे चार महिन्यांनी राणी मंदाकिनीला कन्या झाली. नाव ठेवले रेवा. दाई बाळ घेऊन बाहेर आली, राजाने हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. एवढा शूर राजा, दाराआड जाऊन ढसाढसा रडला. कोण रडणार नाही?

रेवा रांगू लागली तशी राणी रोज सकाळी दालनात रांगोळीची एक रेघ ओढू लागली. रेघेच्या या बाजूला राजा, त्या बाजूला रेवा. मूल रेघेपर्यंत येई, हात पसरी, आणि दाई त्याला उचलून मागे नेई. राजा हात पाठीशी बांधून बसे.

रेवा दोन वर्षांची झाली. एका सकाळी एक धनेश पक्षी, चोचीवर शिंग असलेला, सज्ज्यावर येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला. “राजा, नोमसाआईपुढे चूक कबूल करणार असशील, तर वाट मी दाखवतो.”

“आत्ता चल,” राजा म्हणाला.

पुढे धनेश, मागे राजाचे गलबत. खाऱ्या पाण्याचा समुद्र ओलांडला, धुक्याचा समुद्र ओलांडला, तिसरा वाळूचा समुद्र होता तो राजाने पायी ओलांडला. तांबड्या मातीच्या अंगणात नोमसा मुळ्या निवडीत बसली होती. राजाने कपाळ जमिनीला टेकले. पायांना हात लावायची सोय नव्हती.

“आई, मी चुकलो. माझ्या लेकीला मी अजून एकदाही उचललेले नाही.”

नोमसा उठली, सोनतुऱ्याच्या गड्ड्याशेजारचे तीन फुटवे तिने अलगद वेगळे केले आणि ओल्या फडक्यात बांधून पुढे ठेवले.

“हे तीन. चौथा मिळणार नाही. आता माझी तीन कामे ऐक. पहिले, यातला एक तरी तू स्वतः जगव. दुसरे, जिथे माझी बाग जाळलीस, तिथे सातही वाफे पुन्हा उभे कर. आणि तिसरे, स्वतःसाठी एकही पान तोडायचे नाही, कोणाकडे मागायचे नाही. कोणी आपणहून तुझ्या हातावर गर ठेवला, तर आग निवेल. ही अट तोंडातून काढलीस, तर शाप कायमचा.”

“आणि तिन्ही फुटवे मेले तर?”

“तरीही कायमचा.”

राजा परतला. नगराने गुढ्या उभारल्या. त्या राज्याची रीत अशी, की जे अमोलिक त्याला एकवीस दिवस अभिषेक करायचा. पहिला फुटवा सोन्याच्या घंगाळात लावला, आणि मग काय विचारता! दूध झाले, मध झाला, गुलाबपाणी झाले, वर सात नद्यांचे पाणी. घंगाळाला बुडाशी भोक नाही, पाणी जाणार कुठे? नवव्या दिवशी पाने पिवळी पडली, बाराव्या दिवशी गड्डा कुजून त्याला वास सुटला. लोक म्हणाले, अभिषेक कमी पडला.

राजा म्हणाला, आता मी कोणावर विश्वासणार नाही. दुसरा फुटवा त्याने आपल्या शयनगृहात ठेवला. दृष्ट लागू नये म्हणून पडदे लावले, दारावर भालाईत उभे केले. ऊन नाही, वारा नाही. सोनतुरा उजेड शोधीत लांबत गेला, पांढरा पडला आणि एका सकाळी आडवा झाला. त्या दिवशी राजा जेवला नाही. एकच फुटवा उरला होता, आणि रेघेपलीकडून रेवा विचारीत होती, “आबा, तुम्ही मला का घेत नाही?”

दरबारी माळ्यांनी माना खाली घातल्या. तेव्हा परसात मेथी-पालक लावणारी बयजा माळीण पुढे आली. तोंडाने फटकळ, पण नजर स्वच्छ.

“महाराज, लहान तोंडी मोठा घास घेते. रागवायचं नाही.”

“बोल.”

“पहिला तुम्ही मायेनं बुडवला, दुसरा मायेनं कोंडला. अहो, ते उघड्या माळावरचं झाड! त्याला तुमचं कौतुक नको, तुमचं लक्ष हवंय.”

राजा सिंहासनावरून उतरला. “काय करू, सांग.”

बयजाने मातीची साधी कुंडी आणली, बुडाला भोक पाडले, त्यावर खापर ठेवले. निम्मा मुरूम, थोडी वाळू, थोडे कुजलेले शेणखत. फुटवा तिने लावून दिला, कुंडी राजाने उचलून उन्हाच्या सज्ज्यात ठेवली. मग बयजाने त्याच्या हातात वाळलेल्या बांबूची एक काडी दिली.

“ही काडी मातीत बोटाची दोन पेरं खोचायची, बाहेर काढून बघायची. कोरडी आली तर पाणी. ओली आली तर हात मागे.”

“बस्स, एवढेच?”

“एवढंच जमत नाही माणसाला, महाराज.”

खरेच जमत नव्हते. पहिले आठ दिवस काडी ओलीच येई. राजा तांब्या घेऊन उभा असे. ओतावे वाटे, हात शिवशिवत. बयजा मेथीच्या वाफ्यातून ओरडे, “हात मागे!” आणि या राज्याचा धनी निमूट हात मागे घेई. नवव्या दिवशी काडी कोरडी आली. राजाने पाणी घातले, तेही बुडाच्या भोकातून थेंब गळेपर्यंतच.

असे दिवस गेले, महिने गेले. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली, थंडीत भिंतीच्या उबेला. राणी आता रेघ सज्ज्यात ओढी. काडी राजाने खोचावी, वर काढून रेघेवर ठेवावी, राजा मागे सरला की रेवाने ती उचलून निरखावी.

“ओली आहे, आबा.”

“मग?”

“हात मागे!”

आणि दोघे हसत. त्या सज्ज्यात तीन वर्षांनी कोणी हसले होते. राणी पडद्यामागे उभी राहून डोळे टिपी.

एका सकाळी मधून दांडा निघाला, दांड्यावर कळ्या आल्या आणि पिवळा तुरा फुलला. पूर्वीचा राजा असता तर तुरा मुगुटात खोवला असता. या राजाने तो तसाच राहू दिला. फुले सुकल्यावर दांडा कात्रीने बुडाशी छाटला, आणि वर्षाअखेरीस गड्ड्याभोवती पाच नवे फुटवे आले.

बयजाने ते वेगळे केले. राजाने टोपली डोक्यावर घेतली आणि पायी टेकडीवर गेला. राखेची जमीन त्याने स्वतः कुदळीने खणली, दगड वेचले, मुरूम वाहिला, आणि बयजाने फुटवे लावून दिले. पहिला वाफा झाला, त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. लोक पाने न्यायला येऊ लागले. कुंभार आले, लोहार आले, बायका आल्या. बयजा पान मोडी, गर लावी, रेवा तिच्याशेजारी बसून पाही आणि प्रत्येकाला विचारी, “गार झालं?” लोक म्हणत, “झालं हो, बाई.” राजा वाफ्याच्या टोकाला तण काढीत असे, लांब चिमट्याने. त्याचे हात तसेच जळत होते. एक शब्द बोलला असता तर साऱ्या नगराने पाने आणून ओतली असती; पण ओठ त्याने शिवून घेतले होते. आणि शापाला औषध चालत नाही, असे धरून लोकही कधी पुढे आले नव्हते.

रेवा सहा वर्षांची झाली तेव्हा सातवा वाफा फुलला. सारे नगर टेकडीवर लोटले. धनेशही येऊन आंब्यावर बसला. राणीने नेहमीप्रमाणे रेघ ओढली. लोकांनी फुले पाहिली, राजाचा जयजयकार केला आणि पाने घेऊन घरी चालू लागले. राजा पाहत राहिला. दिवस कलू लागला. आपल्या हातांवर कोणी गर ठेवणार नाही, असे त्याने मनाशी धरले आणि कुदळ उचलायला वाकला. फोड फुटून कुदळीच्या दांड्याला पाणी लागले.

रेवाने ते पाहिले. ती उठली, वाफ्यातले एक जाड पान तिने मोडले आणि रेघ ओलांडली.

“रेवा! मागे हो!” राजा ओरडला. कुदळ टाकून त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

“आबा, हात पुढे करा.”

“नको, बाळा. भाजशील.”

“तुम्हीच भाजला आहात. सगळ्यांना लावतो, तुम्हालाच का नाही?”

राणी धावली. बयजाने तिला दंडाला धरून थांबवले. मग ती राजाला म्हणाली, “महाराज, आजवर मीच म्हणत आले हात मागे. आज मागे घेऊ नका. लेकरू आपणहून आलंय, हातात नोमसाआईचं पान घेऊन.”

राजा खाली बसला आणि डोळे मिटून त्याने तळहात उघडले. वरून गराचा एक थेंब पडला. मग दुसरा. मग एक लहानसे बोट तळहातावर टेकले आणि गोल गोल फिरू लागले.

कोणी किंचाळले नाही. राजाने डोळे उघडले. फोड मिटत होते, राखेचा काळा डाग गरासोबत उतरून मातीत जात होता. रेवा दुसऱ्या हाताला गर लावीत होती, अगदी बयजासारखी, ओठ घट्ट मिटून.

“आबा, गार झालं?”

राजाने ते दोन्ही हात तिच्या काखेत घातले आणि सहा वर्षांची लेक पहिल्यांदा उचलली. आंब्यावरचा धनेश उडाला आणि समुद्राच्या दिशेने सांगावा घेऊन गेला. लोक अर्ध्या वाटेवरून परत फिरले. दुसऱ्या दिवशी मोराचा पिंजरा उघडला गेला, तळ्याची भिंत पाडली गेली, आणि टेकडीला नोमसाआईची टेकडी हे नाव पडले.

अशी ही सोनतुऱ्याची कहाणी. राखेत रुजली, सात वाफ्यांत फुलली, लेकीच्या बोटावर निवली. तुमच्याआमच्या घरचीही आग अशीच निवो.