पेटीतले दोन वीर

ज्या काळी उंदरांनाही खेळ बघायचं वेड होतं, त्या काळची ही गोष्ट. देवळाच्या मंडपात रोज संध्याकाळी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ होई आणि सगळं उंदीरकूळ तुळईवर बसून तो बघे. एका खेळात खड्गसेन राक्षसाला मारी, दुसऱ्यात मेघकेतू गड जिंकी. दोघे कधीच समोरासमोर आले नव्हते, तरी उंदरांत वाद पेटला. लढलेच, तर जिंकणार कोण?

"खड्गसेन एका वारात लोळवेल!" सुपासारख्या कानांचा म्हातारा सुपड्या ओरडे.

"अहो, मेघकेतूची तलवार बघितलीत का?" त्याची सून टिकली फणकारे.

कुळाच्या दोन फळ्या झाल्या. खेळाआधी फोडलेल्या नारळाचं खोबरं मिळे, तेही कुणी कुणाला देईना. ओढाताणीत ते खाली पडे आणि मुंग्या नेत. पिल्लं उपाशी राहू लागली, तशी टिकली निकाल लावायला स्वतःच बाहुल्यांच्या पेटीत शिरली.

आत दोन्ही वीर एकमेकांना टेकून पडले होते. दोघांच्या मुठीला सारखंच भोक होतं आणि दोघांचेही हात रिकामे होते. कोपऱ्यात लाकडाची एकच तलवार होती. ज्याचा खेळ, त्याच्या मुठीत ती खोचली जाई.

टिकलीला आधी रडू आलं, मग हसू फुटलं.

"काय गं, कोण जिंकलं?" ती वर येताच सुपड्याने विचारलं.

"मामंजी, ते दोघं एकच तलवार वाटून घेतात," टिकली म्हणाली आणि खोबऱ्याचा अर्धा तुकडा तिने त्याच्यापुढे सरकवला.

सुपड्या बराच वेळ चावत बसला.

"तरीपण," तो म्हणाला, "आधी उचलणार खड्गसेनच."