बैठक कुठं भरते?

"अजून किती माळा घालायच्या तुम्हाला?"

धोंडिबुवांनी असं विचारलं तेव्हा दिगंबरशास्त्री मठाच्या ओसरीवर मान खाली घालून बसले होते. गळ्यातली तुळशीची माळ बुवांनीच घातलेली. दारूला शिवणार नाही, अशी शपथ देऊन.

"माळ मोडलेली नाही, बुवा."

"मग?"

"प्यायच्या आधी काढून खुंटीला अडकवतो. नंतर चूळ भरून, हातपाय धुऊन पुन्हा घालतो… गळ्यात माळ असताना थेंबही घेतलेला नाही."

बुवा हसले नाहीत. एवढी शास्त्रं कोळून प्यायलेला माणूस. पळवाटसुद्धा तो सोवळ्यातलीच काढणार.

दिगंबरशास्त्र्यांच्या प्रवचनाला पंचक्रोशीत तोड नव्हती. व्यसनावर बोलायला लागले की बायका डोळ्यांना पदर लावत. त्यांची स्वतःची बायको मात्र मुलीला घेऊन भावाकडे निघून गेली होती. दारू सुटल्याशिवाय न्यायला येऊ नका, एवढंच बोलून. मुलीने निघताना वळूनसुद्धा पाहिलं नाही, ते शास्त्र्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

"मला मंत्र द्या, बुवा. चांगला कडक."

"मंत्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतात. गावात दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते. तिथं जा."

"कुठं भरते?"

"विचारा कुणाला तरी."

"मी विचारू?… सगळा गाव मला ओळखतो, बुवा."

बुवा उपरणं खांद्यावर टाकून उठले.

"चला. मी विचारतो."

बाजाराचा दिवस होता. बुवा पुढे आणि शास्त्री चार पावलं मागे. तेही असे, की भाजी घ्यायला आलेत म्हणावं.

देवळापाशी फुलवालीने बुवांना पाहिलं आणि लगबगीने टोपलीतला ताजा हार काढला.

"बाई, दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठं भरते गं?"

"कुणासाठी, महाराज?"

बुवा नुसते उभे राहिले. बाईने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हार पुन्हा टोपलीत ठेवला.

पुढे न्हाव्याचं दुकान. तो पाया पडायला उठला होता, पण बुवांचा प्रश्न ऐकून गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावू लागला.

"आम्हाला काय ठाऊक नाय," तो भिंतीवरच्या आरशाकडे बघत म्हणाला.

शास्त्री पलीकडे वांगी चिवडत होते. मनात म्हणत होते, हा म्हातारा सांगून का टाकत नाही? एक बोट मागे दाखवलं की सुटला. पण बोट काही मागे वळत नव्हतं. जन्मभर राखलेलं नाव भर बाजारात मातीला मिळत होतं आणि बुवा तब्येतीत पुढच्या दुकानाकडे निघाले होते. शास्त्र्यांना त्यांचा फार अभिमान वाटला. आणि हातातलं वांगं टाकून पळून जावंसं वाटलं.

किराण्याच्या दुकानासमोरच्या बाकावर रिकामटेकडी मंडळी बसलेलीच असत. दुकानदार पांडुशेठ बोलायला फटकळ. त्यांनी बुवांचा प्रश्न ऐकला आणि काटा धरलेला हात खाली घेतला.

"तरी म्हटलं महाराज, तुमची समाधी एवढी पटकन लागते कशी."

बाकावर हशा पिकला. एकाला तर ठसका लागला.

"बैठक कुठं भरते, तेवढं सांगा, शेठ," बुवा शांतपणे म्हणाले.

"घ्या. यांना घाई बघा किती."

पुन्हा हशा.

"हसू नका, शेठ."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दिगंबरशास्त्री भाजीवाल्यांमधून वाट काढत पुढे आले होते. प्रवचनातला खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"त्यांना नाही जायचं… मला जायचंय."

शास्त्र्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली.

"मी पितो," शास्त्री म्हणाले. "रोज पितो."

बाकावरच्या माणसांनी माना खाली घातल्या. पांडुशेठ गादीवरून उठले, पायरी उतरून खाली आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तालमीवरच्या माडीत भरते, शास्त्रीबुवा. दिवेलागणीला. माझा धाकटा जातो तिथं… माणसात आला बघा."

मग ते बुवांच्या पाया पडायला वाकले. बुवांनी त्यांना मध्येच धरून उठवलं.

तालमीपाशी पोचले तेव्हा माडीच्या जिन्याखाली पाच-सहा वहाणा दिसत होत्या. चहाची किटली घेऊन एक माणूस वर निघाला होता. बुवांना पाहून तो थांबला.

"या महाराज. लई दिवसांनी आलात. तुम्ही पाठवलेल्या सतरंज्या चांगल्या पुरतात बघा आम्हाला."

तो वर गेला. शास्त्री कठड्याला धरून तसेच उभे राहिले.

"बुवा… जागा तुम्हाला ठाऊक होती?"

"होती."

"मग सगळ्या बाजारात शोधत काय होतात?"

बुवांनी घाम पुसला, उपरणं खांद्यावर नीट केलं आणि मठाच्या वाटेला वळता वळता म्हणाले,

"जाणारा."