केरबा पारख्याचा नारळ

फार फार वर्षं झाली त्याला. तेव्हा भोगावतीचं पाणी ओंजळीनं प्यावं असं होतं, आणि नदीकाठच्या तळसरे गावात फुटबॉलचा चेंडू एकच होता. संस्थानातल्या कुणा पाहुण्यानं तो गावच्या तालमीला दिला, असं म्हणतात. चेंडू फाटला की चांभार तो शिवायला बसायचा, आणि तो शिवून होईपर्यंत गावाला घास गोड लागायचा नाही. तालमीत सकाळी कुस्ती चाले आणि संध्याकाळी फुटबॉल.

त्या गावात केरबा नावाचा माणूस होऊन गेला. त्याचं आडनाव आज कुणी सांगत नाही. लोक त्याला केरबा पारखी म्हणत, कारण तालमीसाठी नवे खेळाडू शोधून आणायचं काम त्याच्याकडे होतं. तो स्वतः कसा खेळायचा, हे मात्र विचारू नका. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.

पण माणूस ओळखायची त्याची रीत न्यारी होती. बाकीचे लोक पळणारे पाय बघत. केरबा बांधावर बसून माणूस चुकायची वाट बघे. कुणाची विटी हुकली, कुणाचा गोफणीचा दगड भलतीकडे गेला, की हा सावरून बसायचा. चुकल्यावर माणूस कुठे बघतो, एवढंच त्याला बघायचं असे. जो लोकांच्या तोंडाकडे बघेल तो नको. जो आपल्याच पायांकडे बघत राहील तोही नको. विटी कुठे गेली हे बघेल, त्याला केरबा हात धरून तालमीत आणायचा.

आता तो कधी चुकलाच नाही, असं सांगणारे सांगतात. पण ते खरं नाही. त्यानं आणलेल्या एका गड्यानं चेंडू असा पळवला, असा पळवला, की तो चेंडूसकट उसात शिरला आणि ऊस तुटेपर्यंत सापडला नाही. दुसऱ्यानं असा टोला हाणला की चेंडू पिंपळात जाऊन अडकला, आणि तो काढताना पिंपळच वाकला, असं म्हणतात. तिसऱ्याला तर आईची आठवण येई, तीही नेमकी सामन्याच्या दिवशी.

मग केरबानं डोंगरावरून बिरूला आणलं. बिरू धनगराचा. त्यानं जन्मात फुटबॉल बघितला नव्हता. पण एकदा त्याचा गोफणीचा दगड लांडग्याला लागला नाही, आणि तो दगड खाली पडायच्या आत बिरू मेंढरं आणि लांडगा यांच्या मधे जाऊन उभा होता. केरबानं ते बघितलं आणि तिथंच ठरवलं, की तळसऱ्याचा गोली हाच. बिरूनं मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि घोंगडं खांद्यावर टाकून तो खाली उतरला.

त्या वर्षी नदीपल्याडच्या गावाशी ढालीचा सामना झाला; जिंकेल त्या गावाकडे ती ढाल राहायची. गावजेवणात कुणी खाल्ल्या नसतील एवढ्या पोळ्या म्हणा, तेवढे गोल बिरूनं खाल्ले. ढाल होडीत बसून पल्याड गेली. तळसऱ्यात त्या दिवशी चुली थंड राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या पायऱ्यांवर गाव जमलं. अमृतराव पाटील तालमीचे मालक. त्यांनी दोन नारळ मागवले, तेव्हाच सगळ्यांना कळलं. नारळ देणं म्हणजे घरी पाठवणं, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहेच. एक नारळ केरबासाठी होता आणि एक बिरूसाठी. नारळ घेऊन डोंगर चढायचा म्हणजे बिरूला चुलत्यासमोर मान वर करायची सोय राहणार नव्हती.

"केरबा, एक उसात गेला, एक पिंपळावर गेला, आन् ह्यो तर समदी ढालच घिऊन गेला," पाटील म्हणाले. "हीच व्हय तुझी पारख?"

"चुकलो मालक, लई बाबतीत चुकलो," केरबा म्हणाला. "पन बिरू चुकलेला न्हाई. त्यो अजून रुजलेला न्हाई."

पाटलांना राग आला. रागात त्यांनी हात उगारला, एक नारळ सुटला आणि पायऱ्यांवरून गडगडत निघाला. सगळं गाव पाटलांच्या तोंडाकडे बघत राहिलं. शेवटच्या पायरीवर नारळ फुटणार, तोच बिरूनं अंग झोकून दिलं आणि तो छातीशी धरला. हे एकट्या केरबानं बघितलं, कारण एकटा केरबाच नारळाकडे बघत होता.

त्याला असा आनंद झाला, की स्वतःचा नारळ हातात पडला तरी तो हसतच होता. तो म्हणाला, "मालक, मला काढा, माजी ना न्हाई. पन बिरूचा नारळ मी मैदानाच्या कोपऱ्यात लावतो. कुजला तर पोरगं जाईल. रुजला तर फळ धरंपतूर ऱ्हाईल."

पाटील खो खो हसले. नारळ सोललेला होता, आणि सोललेला नारळ रुजत नाही हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी भर गावात शब्द दिला.

आणि नारळ रुजला. केरबानं घाटाखालून असोला, न सोललेला नारळ आणून तो बदलला, असं काही जण म्हणतात. म्हणोत बापडे. नदीवरून रोज घागरी कुणी वाहिल्या, ते तर सगळ्यांनी बघितलं होतं. ज्या तालमीनं काढलं, त्याच तालमीच्या मैदानावर केरबा रोज पाणी घालायला यायचा. बिरूवर गोल झाला की कोपऱ्यातून एवढंच म्हणायचा, "पोरा, चेंडू कुटं गेला ते बग."

माड वाढला तसा बिरू वाढला. पुढे पुढे त्यानं सोडलेली घोंगडी वाऱ्यानं गोलावर पसरायची आणि चेंडू तिलाच आपटून परत फिरायचा, असं म्हणतात. मला विचाराल तर घोंगडी मागे टांगलेली होती आणि अडवायचा बिरूच. ज्या वर्षी माडाला पहिलं फळ धरलं, त्या वर्षी ढाल होडीत बसून अल्याड आली.

अमृतराव पाटलांनी ते पहिलं फळ उतरवलं आणि स्वतः केरबाच्या दारात गेले. मागे सगळं गाव होतं, पुढे बिरू. केरबा एव्हाना म्हातारा झाला होता. दारात पाटील आणि पाटलांच्या हातात नारळ बघून तो उंबऱ्यावरच बसला.

"मालक," तो म्हणाला, "आता आनि कशातनं काडतायसा?"

पाटलांचे डोळे भरून आले. मग त्यांनी नारळ केरबाच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, "ह्यो काडायचा न्हवं, केरबा. ह्यो घ्यायचा नारळ हाय."

तो जुना माड पुढे वादळात पडला. त्याच्याच नारळाचा माड आज मैदानाच्या कोपऱ्यात उभा आहे. दसरा झाला की तालमीत नवा आलेला खेळाडू त्याच्याखाली उभा राहतो, आणि गावातला सर्वांत म्हातारा माणूस 'केरबाच्या नावानं' म्हणून त्याच्या हातात नारळ देतो. तो फोडायचा नाही, लावायचा. तो कुजतो की रुजतो हे कळेपर्यंत त्या पोराला कुणी वाकडं बोलायचं नाही. पुष्कळ नारळ कुजतात. तेव्हा गाव म्हणतं, केरबाचे तरी कुठे सगळे रुजले होते?

मागे एक नवे मास्तर गावच्या शाळेत आले. पहिल्याच दिवशी लोकांनी त्यांना नारळ दिला, तर बिचारे निमूटपणे ट्रंक भरायला लागले. शेवटी पोरांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना माडाखाली नेऊन खड्डा दाखवला.