पडदा, फाईल आणि मधली टी

संगणकाला नुसता काळा पडदा असायचा, तेव्हाची गोष्ट. धरणाची पातळी सांगणारी एक आज्ञा, म्हणजे कमांड, होती. ती आकडे पडद्याला देई, पण पडदा भरला की जुने आकडे पुसले जात. म्हणून एकदा तिने ते सगळे जपून ठेवणाऱ्या फाईललाच दिले. पडदा कोरा राहिला. समोर बसलेल्या कुंदाताई म्हणाल्या, "अडकलं वाटतं. बंदच करते."

त्यांनी आज्ञा थांबवायच्या कळीवर बोट ठेवलं.

शेजारची 'टी' नावाची छोटी आज्ञा म्हणाली, "अगं, माझ्याकडे दे. मी फाईललाही देते, पडद्यालाही."

पडद्यावर आकडे उमटू लागले. कुंदाताईंनी कळीवरचं बोट उचललं आणि खुर्चीला पाठ टेकली.

"तुझ्यापाशी काय उरलं गं?" आज्ञेने विचारलं.

"काही नाही," टी म्हणाली, "म्हणून तर पुढचं घ्यायला हात मोकळे आहेत."