बुरुड गल्लीत पुटपुटलेली दवंडी

फार वर्षांपूर्वी, माणगंजात दिवे नव्हते आणि अक्कल मात्र आजच्याइतकीच होती तेव्हा, सटवा नावाचा दवंडीवाला होता. गळ्यात हलगी, आणि आवाज असा की वेशीवर ओरडला तर बाजारातल्या म्हशी मान वर करत, असं म्हणतात.

पण नुसत्या आवाजावर माणगंजात भागत नसे. तांबट आळीत हातोड्यांपुढे देवाचंही कुणाला ऐकू जात नाही, तिथं सटवा हातवाऱ्यांनी दवंडी देई. साळी पेठेत एकदाच आणि हळू बोलायचं, नाहीतर मागावरच्याचे धागे मोजायचे चुकत आणि आठवडाभर शिव्या पडत. अत्तार गल्लीत आधी घरोघरची खुशाली विचारायची, मग हुकूम. वरची पेठ कारकुनांची. तिथं हुकूम कुणाचा, कोणत्या तारखेचा, सगळं सांगावं लागे, तरी ते त्याची वाक्यं दुरुस्त करत. अजूनही करतात. हसू नका, दोघं समोरच बसलेत.

राहिली बुरुड गल्ली. नदीला चिकटलेली, सगळ्यांत खोल. टोपल्या-सुपं विणणारी माणसं, हात कामात आणि जीभ मोकळी. सटवा दिसला की अख्खी गल्ली त्याची नक्कल करी. एकदा तर त्याच्यावर धान्याची कणगी पालथी घालून त्याला आतून दवंडी द्यायला लावली. बाहेर येऊन सटवाही सगळ्यांबरोबर हसला, पण ते हसू काही त्याच्या गळ्याखाली उतरलं नाही.

पुढे एका श्रावणात वरच्या अंगाच्या तलावाचा बांध पाझरू लागला. मामलेदारानं सटव्याला सांगितलं, दिवस मावळायच्या आत सगळं शहर भैरोबाच्या टेकडीवर गेलं पाहिजे. सटवा धावला. ज्या पेठेला जसं लागतं तसं सांगत सगळ्यांत शेवटी बुरुड गल्लीच्या तोंडाशी आला, तर आतून त्याच्याच आवाजात कुणीतरी ओरडलं, "ऐका हो ऐका, सटवा आला हो." गल्ली खदखदली. सटव्यानं हलगी काखेत मारली आणि सगळी दवंडी मिशीतल्या मिशीत पुटपुटला. एक शब्द गाळला नाही. उद्या बेलभंडारा उचलून शपथ घेता येईल एवढी सोय केली आणि टेकडी चढला.

वर चारही पेठा जमल्या होत्या. तांबट ओरडत होते, कारकून लोकांच्या रांगा लावत होते. बुरुड कुठं आहेत, हे कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सटवा म्हणणार होता, मी सांगितलं होतं. ते वाक्य तोंडात तयार धरून तो बसला आणि कुणी विचारीना. शेवटी त्याला स्वतःच्याच तोंडाची शिसारी आली. उठला आणि खाली पळत सुटला.

गल्लीत पाणी घोट्याला आलं होतं. तेवढं दरवर्षीच येई. हलगी भिजून गप्प झालेली. तलाव फुटतोय, निघा, म्हणून तो ओरडला तर गल्ली आणखीच हसली. मघाशी येऊन काही न बोलता गेला, आता सोंग करतोय म्हणाली. गल्लीची वडीलधारी सोनाई ओट्यावर बांबू चिरत होती. सटवा तिच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला.

"काकी, दवंडी मघाशीच द्यायची होती. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून मी पुटपुटलो."

सोनाईनं कोयता खाली ठेवला.

"हे सोंग नाही गं पोरींनो," ती म्हणाली. "असलं कुणी हसवायला सांगत नाही. उठा."

लेकरं टोपल्यांत घालून डोक्यावर घेतली, म्हातारे पाठुंगळी घेतले. शेवटचं माणूस टेकडीला लागेपर्यंत नदी सोनाईच्या उंबऱ्याशी थांबून होती, असं म्हणतात. मग तिनं अख्खी गल्ली एका घासात गिळली.

घरं गेली, माणसं वाचली. पुरात उलटा धावला म्हणून शहरानं सटव्याला डोक्यावर घेतलं, मामलेदारानं चावडीवर पागोटं बांधलं. बुरुडांनी, ज्यांना एरवी जीभ आवरत नाही, चकार शब्द काढला नाही. सोनाईनं तर त्याची दृष्ट काढली. सटव्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच्याच नावाची दवंडी दिली. तांबट आळीत आपल्याच तोंडावर हात दाबला, नदीकडे बोट केलं आणि छाती बडवली. तिथले हातोडे त्या दिवशी पहिल्यांदा थांबले, असं म्हणतात. साळी पेठेत एकदाच, हळू बोलला. अत्तार गल्लीत खुशाली विचारायची त्याची हिंमत झाली नाही. आणि वरच्या पेठेत त्याचं एकही वाक्य कुणी दुरुस्त केलं नाही. दोष त्याला द्यायला सगळे तोंड उघडत, आणि टेकडीवर आपणही विचारलं नव्हतं हे आठवून मिटत.

पुढे सटवा नव्यानं वसलेल्या बुरुड गल्लीतच राहिला. टोपल्या वाकड्या विणी आणि आपली नक्कल खाली मान घालून ऐके.

आता रिक्षावर कर्णा असतो. पाणी बंद असो की वीज जाणार असो, रिक्षा आधी बुरुड गल्लीत जाते. तिथं इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं आणि दारोदार विचारायचं, "ऐकलं का?" गल्ली कसली सरळ! सगळं ऐकलेलं असतं, तरी म्हणते, "नाही बुवा." मग पुन्हा सांगायचं. ते म्हणतील तितक्यांदा सांगायचं आणि कपाळाला आठी पडू द्यायची नाही. रिक्षावाला वरच्या पेठेतला असला तरीसुद्धा.