तगरीवरच्या अळ्या

भर समुद्रातल्या एका इवल्याशा बेटावर एक सून नांदायला आली. बेटावर भात पिकत नसे, पपया मात्र भरपूर. होडीतून पपया पलीकडे जात आणि तांदूळ येई. त्यावर सगळ्यांचं पोट चाले.

सून टापटिपीची आणि भारी चौकस. देवीच्या जत्रेला घरोघरच्या तगरीच्या फुलांचा हार जाई. तिने पाहिलं, तर तगरीवर बोटाएवढाल्या हिरव्या अळ्या!

"आत्याबाई, या कुणी वेचत का नाही?"

"कोण जाणे गो! माझ्या सासूनंही कधी वेचल्या नाहीत."

"माहेरी आम्ही दरवर्षी वेचून कोंबड्यांना घालतो. काही बिघडत नाही."

सुनेने अळ्या वेचल्या. तिचं पाहून बेटभर सगळ्यांनी वेचल्या. हार भरगच्च झाले, सुनेचं कौतुक झालं, कोंबड्याही खूश.

पुढच्या वर्षी पपयांना फुलं आली आणि गळून गेली. फळ धरेना. होडी रिकामी जाऊ लागली, घरातली पेज पातळ झाली. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं खारा वारा. सुनेला काही पटेना. ती रोज झाडाखाली बसून राही.

एकदा तिन्हीसांजेला सासू म्हणाली, "पूर्वी या वेळी पपईच्या फुलांवर मोठाले पतंग भिरभिरायचे. यंदा एकही नाही."

सुनेला एकदम आठवलं. माहेरी कोंबड्यांच्या तावडीतून सुटलेली एक अळी मातीत शिरली होती आणि पुढे पतंग होऊन बाहेर आली होती.

"आत्याबाई, चूक माझीच. या अळ्यांचेच पतंग होतात, आणि ते या फुलावरून त्या फुलावर फिरले तरच पपई धरते. माहेरचे संपले तरी शेजारच्या गावातून पतंग यायचे. इथे शेजारी नुसतं पाणी!"

ती होडीत बसून माहेरी गेली आणि टोपलीभर अळ्या घेऊन आली.

"लोक माहेराहून लाडू आणतात गो!" होडीवाला हसला.

"लाडवांनी पपया धरत नाहीत, दादा."

तिने अळ्या आपल्या दारच्या तगरीवर सोडल्या. जत्रा आली तेव्हा ती तगर पार कुरतडलेली होती. सुनेचा हात अळीपाशी गेला, थबकला आणि मागे आला. तिचा हार वीतभरच झाला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिला फार लागलं, पण तिने तोच हार देवीला वाहिला.

त्या हंगामात तिन्हीसांजेला पतंग भिरभिरले आणि झाडं पपयांनी लगडली. सासूने पहिली पपई देवीपुढे ठेवली आणि तिच्याशेजारी तगरीचं एक कुरतडलेलं पान ठेवलं.

तात्पर्य एवढंच: जिथे गेलेलं सहज परत येत नाही, तिथे काही नाहीसं करण्याआधी ते कुणाच्या कामाचं आहे, हे शोधावं.