उद्यासाठी उडालेले घास

एका राज्यात एलाजार नावाचा राजा होता. रविवारी देवळात गुडघे टेकून तो म्हणे, "प्रभू, तुझ्यावरच माझा भरवसा." पण म्हणतानाही हात कमरेच्या किल्ल्यांवर असे. उद्या दुष्काळ पडला तर? परवा पूर आला तर? या काळजीने त्याने गावोगावचे धान्य कोठारात कोंडले. प्रजा पातळ पेजेवर दिवस काढू लागली.

तरीही राजाला धीर येईना. त्याने कर्कट नावाच्या जादूगाराला बोलावले.

"माझे अन्न उद्यासाठी सुरक्षित राहील असे कर."

"केले," जादूगार म्हणाला आणि हसत निघून गेला.

दुपारी राजाने पुरी उचलली. पुरी हातातून सुटली, खिडकीबाहेर उडाली आणि कोठाराच्या झरोक्यातून थेट आत पडली. मागोमाग मटण गेले. मग रस्साही गेला. तबिथा राणी भरवायला बसली, तर घास राजाच्या मिशीला वळसा घालून निघून गेला. कोठार फुगत चालले, राजा वाळत चालला.

अखेर त्या झरोक्यात राहणारी एक साळुंकी त्याच्यापुढे येऊन बसली. "महाराज, काल तुमच्या खिरीत माझे घरटे वाहून गेले. आता कृपा करून डोंगरावरच्या हन्नाआजीला भेटा."

हन्नाआजी डोंगरावर एकटी राहून प्रार्थना करी. राजा शिदोरीने लादलेली दोन खेचरे घेऊन पोहोचला.

"हे कशाला?" आजीने विचारले.

"वाटेत लागले तर."

"तुला खाता येते?"

"नाही."

"मग?"

राजा खेचरांवरच्या गाठोड्यांकडे बघू लागला.

"तीन कामे कर," आजी म्हणाली. "शिदोरी वाटेतल्या धनगरांना दे. किल्ल्या राणीकडे पाठव. ती कोठार प्रजेला उघडून देईल. मग जो वाढेल त्याच्या घरी जेव, आणि उद्याचे विचारू नकोस."

राजाने शिदोरी दिली, पण बाहीत मूठभर फुटाणे लपवले. फुटाणे एकेक करून बाहेर पडले आणि रांगेने उडून गेले. किल्ल्या राणीकडे न्यायला आलेली साळुंकी जुडगा ओढू लागली, तेव्हा राजाची बोटे सुटेनात. डोळे मिटून त्याने एकदाची मूठ उघडली.

डोंगराच्या पायथ्याशी सारा कुंभारीण चुलीपाशी बसली होती. तिने त्याला ओळखले नाही. "या पाव्हणं, बसा," म्हणत तिने भाकरी मोडून अर्धी पुढे ठेवली.

"पण रात्री तुम्ही काय खाल?" राजाच्या तोंडून निघून गेले. भाकरी भुर्रकन उडाली आणि छपराला जाऊन चिकटली.

"आजवर देवानं उपाशी झोपवलं न्हाई," सारा वर बघत म्हणाली. "तुमची भाकरी मात्र लई चपळ हाय."

राजाला हसू आले आणि रडूही आले. या बाईच्या पिठाचा डबा त्यानेच रिकामा केला होता. तो हात जोडून पुटपुटला, "प्रभू, आज एवढे पुरे. उद्या तुझ्या हाती."

भाकरी अलगद उतरून त्याच्या तळहातावर बसली. थोडी करपली होती. राजाने शेवटचा कणही वेचून खाल्ला.

"अजून अर्धी आहे ना?" त्याने विचारले.

"हाय, पण ती माझ्या घरधन्याची."

"मग माझे पोट भरले," राजा म्हणाला, आणि ते खरेच भरले होते.

तेवढ्यात रस्त्याने धान्याच्या गाड्या गावोगाव जाताना दिसल्या. शाप सुटला, घरोघर चुली पेटल्या, आणि एलाजार राजा आजचे जेवण आजच जेवू लागला.